काठीला कुळ, थर्सायटीसला वळ

आमच्या कवितेसाठी दोन शिक्के तयारच असतात. पहिला : हा नुसता राग आहे, कविता नाही. दुसरा : आशय आहे हो, पण तंत्र नाही. कविता वाचायच्या आधीच शिक्का मारून मोकळे. आणि तंत्र म्हणजे काय असं विचारलं की ही मंडळी थेट ग्रीसला जाऊन पोचतात. होमर वाचा म्हणतात. महाकाव्य कसं बांधतात ते बघा म्हणतात. सांगणाऱ्यानं स्वतः वाचलाय का, हे विचारायचं नसतं.

बरं. वाचला. इंग्रजी भाषांतरं घेऊन, डिक्शनरी शेजारी ठेवून, रात्रपाळी नसेल तेव्हा. आणि आता माझं म्हणणं असं आहे की आपल्यातल्या प्रत्येक लिहिणाऱ्यानं होमर वाचावाच. तंत्र कुणाच्या बाजूनं उभं असतं हे इतकं उघड दुसरीकडं क्वचित दिसेल.

पहिला शिक्का घेऊ. राग.

'इलियड' हे युरोपातलं आज हाताशी असलेलं सगळ्यात जुनं काव्य. इसवी सनापूर्वीच्या आठव्या शतकाच्या आसपासचं धरतात. पंधरा हजार सहाशेच्या वर ओळी. आणि मूळ ग्रीकमधला त्याचा पहिला शब्द कोणता? 'मेनिस'. म्हणजे राग. दोन घटकांत विझणारा राग नव्हे, धुमसत राहणारा, माणसं मारणारा राग. ज्यांचे गोडवे तुम्ही गाता त्यांच्या साहित्याची सुरुवातच रागानं झालीय. तिथं कुणी म्हणत नाही, होमरराव, जरा संयम पाळा.

पण राग कुणाचा? अकिलीसचा. बाप राजा, आई देवी. ट्रॉयच्या लढाईचं दहावं वर्ष चाललंय. होमर लढाई पहिल्यापासून सांगत नाही. गोष्ट मधूनच उचलायची, हे त्याचं पहिलं तंत्र. दहा वर्षांतले पन्नासेक दिवस घ्यायचे आणि मागचं-पुढचं सगळं बोलण्यातून, आठवणीतून, भाकितातून आत आणायचं. तर या दहाव्या वर्षी सेनापती अॅगमेम्नॉन आणि अकिलीस यांचं भांडण लागतं. कशावरून? लुटीत आलेल्या एका बाईवरून. ब्रिसेइस तिचं नाव. अकिलीस भर सभेत सेनापतीला सुनावतो : तू हावरा आहेस, लढायचं आम्ही आणि मोठा वाटा तुझा, तू दारुडा, तू कुत्र्याच्या तोंडाचा. तलवारीला हात घालतो. तेव्हा खुद्द अथेना देवी आभाळातून उतरते, मागून त्याचे केस धरते, समजूत काढते. अकिलीस हातातला दंड जमिनीवर आपटतो आणि बसतो. या एका रागावर पुढं अख्खं काव्य उभं राहतं.

आता दुसरा सर्ग बघा. नऊ वर्षं झालीत, सैनिक थकलेत. अॅगमेम्नॉन त्यांची परीक्षा घ्यायला म्हणतो, चला, घरी जाऊ. सैनिकांना ते खरं वाटतं. ते जहाजांकडं धावत सुटतात. ओडिसियस त्यांना अडवायला निघतो. त्याची अडवायची पद्धत अशी : सरदार भेटला तर जवळ उभं राहून गोड बोलायचं. साधा माणूस ओरडताना दिसला तर काठी हाणायची, आणि वर सांगायचं की गप बस, तुला लढाईत कोण विचारतो, सभेत कोण विचारतो. सगळे बसतात. एकटा थर्सायटीस बसत नाही.

थर्सायटीस उठून काय बोलतो? अॅगमेम्नॉनला म्हणतो, तुझे तंबू तांब्या-ब्राँझनं भरलेत, बायकांनी भरलेत. आम्ही गाव जिंकलं की पहिली निवड तुझी. अजून किती पाहिजे? चला रे, आपण घरी जाऊ, याला इथंच राहू दे आपली लूट पचवत, मग कळेल याला आमची गरज आहे की नाही. अठरा ओळींचं भाषण आहे. वाचा आणि पहिल्या सर्गातल्या अकिलीसच्या भाषणाशेजारी ठेवा. मुद्दा तोच. हावरेपणा तोच, वाटणी तीच, घरी जायची धमकी तीच. अकिलीस बोलला तर ते महाकाव्य. थर्सायटीस बोलला तर ती बडबड.

हे कसं साधलं? तंत्रानं. दोस्तहो, इथं नीट थांबा, कारण आपल्यावर जे रोज होतं तेच इथं होतंय.

एक. भाषणाच्या आधी कवी त्याचं वर्णन करून ठेवतो. ट्रॉयला आलेल्यांत सगळ्यात कुरूप. पाय वाकडे, एका पायानं लंगडा, खांदे छातीवर आत वळलेले, डोकं निमुळतं, वर चार केस. तोंड उघडायच्या आधीच ऐकणाऱ्याच्या मनात माणूस मेलेला. होमर कुणाचं इतकं अंगप्रत्यंग सहसा सांगत नाही. हेलन किती सुंदर होती हे तो म्हाताऱ्यांच्या तोंडून सुचवतो, नाकडोळे मोजत नाही. थर्सायटीसचं मात्र डोक्यापासून पायापर्यंत मोजमाप.

दोन. त्याला बाप नाही. होमरमध्ये माणूस आला की बापाचं नाव येतं, गाव येतं. एका ओळीत येऊन दुसऱ्या ओळीत भाल्यानं मरणाऱ्या माणसालाही बहुतेक वेळा बाप असतो. थर्सायटीसला बाप नाही, गाव नाही, किती जहाजं घेऊन आला ते नाही.

तीन. काठी. ओडिसियसच्या हातात जी काठी आहे ती साधी नाही, तो अॅगमेम्नॉनचा राजदंड आहे. त्याच सर्गात, शंभरेक ओळी आधी, कवीनं त्या दंडाची वंशावळ सांगून ठेवलीय. हेफेस्टसनं घडवला, झ्यूसला दिला, झ्यूसनं हर्मीसला, हर्मीसनं पेलॉप्सला, त्यानं अट्रिअसला, मग थायस्टीस, मग अॅगमेम्नॉन. लाकडाच्या दांडक्याला सात मालक, देवापासून. आणि हे दांडकं ज्याच्या पाठीवर बसतं त्या माणसाला एक बाप नाही. काठीला कुळ, थर्सायटीसला वळ. पाठीवर रक्ताळलेला वळ उठला हेही कवी सांगतो. डोळ्यांतून पाणी आलं, वेड्यासारखा बघत त्यानं ते पुसलं, हेही सांगतो.

चार. आणि हे सगळ्यात जालीम. हसायला कोण लावलंय? राजे नव्हेत. फौज. स्वतः दुःखात असलेले, घरी जायला तडफडणारे शिपाई थर्सायटीसला हसतात आणि एकमेकांना म्हणतात, ओडिसियसनं आजवर पुष्कळ चांगली कामं केली पण हे सगळ्यात झकास. दोन मिनिटांपूर्वी हेच लोक जहाजाकडं धावत होते. आपल्यातल्याच माणसाला आपल्याकडूनच हसवून घ्यायचं, हे तंत्र तीन हजार वर्षं होत आली तरी बंद पडलेलं नाही. ऑफिसात बघा, कॉलेजात बघा, कविसंमेलनात बघा.

तरी एक गोष्ट लक्षात ठेवा. भाषण कवीनं गाळलं नाही. काठी मारली, पण अठरा ओळी राहू दिल्या. थर्सायटीस या नावाच्या मुळात धाडस, धिटाई असा अर्थ आहे. त्या अठरा ओळी आज आपल्या हातात आहेत. ओडिसियसनं उत्तरात काय दिलं ते तपासा. त्यात वाटणीच्या मुद्द्याला उत्तर नाही. पुन्हा बोललास तर कपडे फाडून, नागडा करून, बडवत जहाजाकडं हाकलीन, एवढंच. ज्याच्याकडं उत्तर नसतं तो कपडे फाडायची भाषा करतो. आपल्याला हे नवीन नाही.

आता दुसरा शिक्का. तंत्र नाही.

होमरचं तंत्र म्हणजे काय, आणि ते आलं कुठून? त्याची ओळ सहा गणांची. प्रत्येक गण गुरू-लघु-लघु किंवा गुरू-गुरू, शेवटचा दोन अक्षरांचा. हजारो ओळी, सगळ्या या एकाच मापात. आणि प्रत्येक मोठ्या माणसाला ठरलेली विशेषणं. अकिलीस चपळ पायांचा. ओडिसियस अनेक युक्त्यांचा. अॅगमेम्नॉन माणसांचा राजा. हेक्टर चमकत्या शिरस्त्राणाचा. समुद्र दारूच्या रंगाचा, पहाट गुलाबी बोटांची. अकिलीस तंबूत बसून रुसलेला असला तरी तो चपळ पायांचाच. जहाजं वाळूवर ओढून ठेवली तरी वेगवानच. जेवण आलं, बळी आला, चिलखत चढवणं आलं, की त्याच ओळी पुन्हा, जवळपास जशाच्या तशा.

कित्येक शतकं पंडित याच्यावर भांडत राहिले. कुणी म्हणाले थोर प्रतिभा, कुणी म्हणाले अनेकांनी तुकडे जोडलेत. मग मिलमन पॅरी नावाचा अमेरिकन पोरगा आला. जन्म १९०२, १९३५ साली तेहतीस वर्षांचा असताना गेला. त्यानं १९२८ साली पॅरिसमध्ये प्रबंध दिला आणि दाखवून दिलं की ही विशेषणं सजावटीची नाहीत. ओळीत जितकी जागा उरते तितक्या मापाचं विशेषण. एका मापाच्या जागेला एका वीरासाठी बहुतेक एकच विशेषण, जास्त नाही, कमी नाही. म्हणजे ही हत्यारांची पेटी आहे. कुठला पाना कुठल्या नटाला, हे हाताला पाठ. असली पेटी एका माणसाच्या डोक्यातून एका जन्मात निघत नाही, पिढ्यान्पिढ्यांच्या गाणाऱ्यांनी ती घडवलेली असते. लिहून नव्हे, गाता गाता.

आणि पॅरी खोलीत बसून राहिला नाही. १९३३ ते १९३५ या काळात तो तेव्हाच्या युगोस्लाव्हियात गेला, सोबत अल्बर्ट लॉर्ड. तिथं गुस्ले नावाचं वाद्य असतं. आपल्या तुणतुण्यासारखं एका तारेचं, पण धनुकलीनं वाजवायचं. त्यावर वीरकथा गाणारे शेतकरी, गडी, कसाई. पॅरीनं अॅल्युमिनियमच्या तबकड्यांवर त्यांचं गाणं उतरवून घेतलं. त्यांत अवदो मेजेदोविच नावाचा एक खाटीक होता. लिहिता-वाचता येत नव्हतं. १९३५ साली त्यानं बारा हजारांवर ओळींचं एक काव्य सांगितलं. 'ओडिसी' साधारण तेवढीच आहे. पुढं १९६० साली लॉर्डनं 'द सिंगर ऑफ टेल्स' हे पुस्तक काढून हे सगळं जगापुढं मांडलं.

कळलं का? ज्या तंत्राच्या नावानं आमच्या कविता परत येतात, ते तंत्र कसं चालतं हे जगाला दाखवलं एका निरक्षर खाटकानं. हे तंत्र विद्यापीठातून निघालेलं नाही. ते निघालं पाठांतरातून, रोजच्या सरावातून, समोर बसलेल्या लोकांचा कंटाळा ओळखण्यातून. गोदीत जड नग हलवताना सगळ्यांचा जोर एका क्षणी लागावा म्हणून एक जण हाळी देतो आणि बाकीचे ठरलेला शब्द ओढतात. क्रेन आली, कंटेनर आला, तरी जिथं माणसाची पाठ लागते तिथं हाळी लागतेच. त्या हाळीत ठरलेला भाग असतो आणि जुळवून टाकायचा भाग असतो. ठरलेल्या भागात श्वास घ्यायचा, तेवढ्यात पुढचं सुचतं. होमरचं विशेषण हेच काम करतं. गाणारा 'चपळ पायांचा अकिलीस' म्हणतो तेव्हा त्याचं डोकं पुढच्या ओळीवर असतं.

'ओडिसी'त खुद्द कवीचा हिशेब कुठं लावलाय ते बघा. परक्या माणसाला मुद्दाम घरी कोण बोलावतं, असा प्रश्न निघतो. उत्तरात यादी येते : भविष्य सांगणारा, वैद्य, सुतार आणि गाणारा. हे लोकांचं काम करणारे, म्हणून त्यांना बोलावणं. कवी सुताराच्या रांगेत. ही त्या काव्यानं स्वतः दिलेली जागा आहे, मी दिलेली नाही. पुढच्या लोकांनी त्याला रांगेतून उचलून देव्हाऱ्यात बसवलं आणि आम्हाला सांगितलं, हात लावू नका.

पण इथं थांबलो तर आपण अर्धंच बोललो असं होईल. हत्यार कष्टकऱ्याचं, ठीक. पण ते चाललं कुणासाठी?

गाणारा गातो कुठं? राजाच्या दिवाणखान्यात. डेमोडोकस आंधळा, त्याला हाताला धरून आणतात, खांबाला टेकून बसवतात, वाद्य कुठल्या खुंटीला आहे ते हात धरून दाखवतात. गाणं आवडलं की ओडिसियस आपल्या ताटातला मांसाचा तुकडा कापून पाठवतो. दुसरा गाणारा फेमिअस. ओडिसियसच्या घरात घुसून बसलेल्या उमेदवारांसाठी तो जबरदस्तीनं गात होता. ओडिसियस त्या सगळ्यांना मारतो तेव्हा फेमिअस रक्तानं भरलेल्या जमिनीवर त्याचे गुडघे धरतो आणि जीव मागतो. मी कुणाकडून शिकलो नाही, गाणी देवानं माझ्या मनात घातली, तुझ्यासाठी गाईन म्हणतो. सुटतो. कवीची ही नोकरी. ज्याच्या घरचं मटण, त्याच्या बापजाद्यांचं गाणं. तंत्र मग आपोआप तिकडं वाकतं.

किती वाकतं ते जहाजांच्या यादीत बघा. मला ही यादी फार जवळची, जहाजं मोजण्यातच दिवस जातो. 'इलियड'च्या दुसऱ्या सर्गात, थर्सायटीसला मारल्यावर थोड्याच वेळानं, कवी काव्यदेवतांना हाक मारतो आणि ट्रॉयला आलेल्यांची यादी लावतो. एकोणतीस तुकड्या, अकराशे शहाऐंशी जहाजं. कोण कुठल्या गावचा, किती जहाजं, सगळं चोख. पण यादीच्या आधी तो एक कबुली देतो. जमावाची नावं मी घेऊ शकणार नाही, दहा जिभा असत्या, दहा तोंडं असती, न फुटणारा आवाज असता, ब्राँझचं काळीज असतं, तरी नाही. तेव्हा मी फक्त नायक आणि जहाजं सांगतो. या ओळींना लोक कवीचा विनय म्हणतात. मला ती सरळ वाटणी दिसते. फिलॉक्टेटीसच्या सात जहाजांवर प्रत्येकी पन्नास वल्हेकरी, हा आकडा आहे. साडेतीनशे माणसं. नाव एकाचंही नाही. जहाजाला काळं, वेगवान, पोकळ अशी विशेषणं आहेत. वल्हं मारणाऱ्याला नाही.

मग या काव्यात काम करणारा माणूस नाहीच का? आहे. भरपूर आहे. पण तो मागच्या दारानं आलाय. त्या दाराचं नाव उपमा.

होमरची उपमा लांब असते. 'जसा' म्हणून सुरू होते आणि पाच-सात ओळी आपल्याच वाटेनं जाते, मग 'तसा' म्हणून परत येते. 'इलियड'मध्ये अशा दोनशेच्या आसपास, त्यांतल्या बहुतेक लढाईच्या धामधुमीत. आणि त्या उपमांत कोण राहतं? मेंढपाळ, लाकूडतोड्या, कापणीचे मजूर, चामडं ताणणारे, पाटाचं पाणी फिरवणारा. लढाई कुठल्याच बाजूला झुकेना हे सांगायचंय तेव्हा कवी एक बाई आणतो. प्रामाणिक, मजुरीवर लोकर काततेय. तराजू धरलाय, एकीकडं वजन, एकीकडं लोकर, दोन्ही पारडी बरोबर करतेय, पोरांसाठी चार दमड्यांची मजुरी मिळावी म्हणून. राजांच्या लढाईच्या मधोमध ही बाई कुठून आली? दुपार झाली हे सांगायचंय तेव्हा लाकूडतोड्या येतो. हात थकलेत, पोटात भूक, डोंगरातल्या खबदाडात तो भाकरतुकड्याच्या तयारीला लागलाय, त्या वेळी ग्रीकांनी फळी फोडली. अजॅक्स मागं हटताना हटत नाही, तर तो कसा? उभ्या पिकात घुसलेल्या गाढवासारखा. पोरं काठ्या मोडतात त्याच्या पाठीवर, पण पोट भरल्याशिवाय ते बाहेर निघत नाही.

माझ्या मते होमर सगळ्यात खरा इथं आहे. राजाची विशेषणं पेटीतली, पिढ्यांनी वापरलेली. पण तराजू धरलेली बाई कुणीतरी डोळ्यांनी बघितलेली आहे. मजुरी 'तुटपुंजी' आहे हे ज्याला सांगावंसं वाटतं त्यानं ती मजुरी बघितलीय. गाणारा सुताराच्या रांगेतला होता, त्याचा हा पुरावा. राजाचं जेवण जेवत जेवत त्यानं आपल्या माणसांना उपमेत बसवून आत आणलं.

पण उपमेतच. हेही विसरायचं नाही. बाई मोजते लोकर आणि तोल सांगते राजांचा. लाकूडतोड्याची भूक म्हणजे कवीचं घड्याळ. त्या बाईची पोरं पुढं जगली का, हे कुणी विचारत नाही, कारण 'तसा' आला की तिचं काम संपलं.

'ओडिसी'त हे आणखी उघडं पडतं. तिथं राबणारी माणसं उपमेतून बाहेर, प्रत्यक्ष गोष्टीत आलीत. डुकरं राखणारा युमीअस घ्या. कवी त्याला 'देवासारखा' हे विशेषण देतो. अख्ख्या 'ओडिसी'त तो एकटाच असा आहे की कवी त्याला समोर बसवल्यासारखा 'तू' म्हणून हाक मारतो. वाचताना अंगावर काटा येतो. पण थोडं पुढं जा. युमीअस आपली कहाणी सांगतो : तो मुळात राजाचा पोरगा, लहानपणी व्यापाऱ्यांनी पळवला, ओडिसियसच्या बापाला विकला. आलं लक्षात? गुलाम इतका चांगला असेल तर तो मुळात राजघराण्यातलाच असला पाहिजे. चांगुलपणाला रक्ताचा दाखला. हे तंत्र तर आपल्या सिनेमावाल्यांनीही सोडलेलं नाही.

म्हातारी दाई युरिक्लीआ. किंमत वीस बैल, आकडा काव्यातलाच. ('इलियड'मध्ये कुस्तीच्या बक्षिसात तिपाई बारा बैलांची आणि कामाची बाई चार बैलांची.) युरिक्लीआ परक्या पाहुण्याचे पाय धुते आणि मांडीवरचा व्रण चाचपते. बस, कवी तिथंच गोष्ट थांबवतो. त्या व्रणाची, रानडुकराच्या शिकारीची सत्तरेक ओळींची हकिगत सांगतो, आणि मग पाय हातातून सुटून पाण्याच्या भांड्यात आपटतो. समीक्षक या थांबवण्यावर पुस्तकं लिहितात, आणि ते आहेही जबरदस्त. पण त्यानंतर काय होतं? ज्याला दूध पाजलं तो ओडिसियस तिचा गळा धरतो. बोललीस तर बाकीच्या दासींबरोबर तुलाही मारीन म्हणतो. या हाताबद्दल कमी बोलतात.

आणि जातं. पहाटेची वेळ. ओडिसियसच्या घरात बारा बाया दळायला. अकरा जणींचं दळण झालं, त्या झोपल्या. बारावी सगळ्यात अशक्त, तिचं उरलंय. ती जातं थांबवते, आभाळाकडं बघते, आणि झ्यूसला म्हणते, या लोकांचं आजचं जेवण शेवटचं होऊ दे, दळून दळून माझे गुडघे मोडलेत. पूर्ण काव्यातली ही सगळ्यात खरी प्रार्थना. पण कवी तिचा उपयोग काय करतो? शुभशकुन. ओडिसियस भिंतीआडून ऐकतो आणि खूश होतो. बाईला नाव नाही. तिचे गुडघे पुढं बरे झाले का, माहीत नाही.

शेवटी मारामारी होते, उमेदवार मरतात. मग पन्नास दासींतल्या बारा जणींची पाळी येते, उमेदवारांबरोबर निजल्या म्हणून. आधी त्यांच्याकडूनच प्रेतं उचलून घेतात, टेबलं पुसून घेतात. बापानं सांगितलं होतं तलवारीनं मारा, पोरगा टेलेमाकस म्हणतो यांना स्वच्छ मरण नको. तो फास लावतो. दोर कुठला? जहाजाचा. काळ्या नाळेच्या जहाजाचा दोर, विशेषणासकट. तो दोर किती जाड असतो हे मला माहीत आहे, म्हणून मी या ओळींपाशी वाचायचा थांबलो. आणि इथं कवी उपमा काढतो : घरट्याकडं निघालेले पक्षी जाळ्यात सापडावेत तशा त्या रांगेनं लटकल्या, पाय थोडा वेळ हलले, फार नाही. उपमा सुंदर आहे. त्या सुंदरपणाचीच मला भीती वाटते. फाशीला पाखरं जोडली की फाशी बघवते.

२०१७ साली एमिली विल्सन या बाईनं 'ओडिसी'चं इंग्रजी भाषांतर केलं. तिनं दाखवून दिलं की जुन्या कित्येक भाषांतरकारांनी या बायकांना 'रांडा' छापाचे शब्द घातले, मूळ ग्रीकमध्ये तिथं नुसतं 'या बायका' अशा अर्थाचं आहे. आणि जिथं गुलाम आहे तिथं 'मोलकरीण' म्हणून वेळ मारून नेली होती. म्हणजे कवी मेला, राजा मेला, तरी काठी हातातून हातात चाललीच आहे. तिची वंशावळ वाढतेय.

एक इशारा. ग्रीक गुलाम म्हणजे आपण, असं सोपं समीकरण मांडू नका. बाबासाहेबांनी गुलामी आणि अस्पृश्यता शेजारी ठेवून तपासल्या आहेत आणि फरक दाखवलाय. रोमचा गुलाम मालकाच्या घरात वैद्य असे, कारकून असे, शिक्षक असे. होमरमध्येही बघा : युरिक्लीआ राजाचे पाय धुते, युमीअस राजाला आपल्या हातचं जेवू घालतो, कुणी बाटत नाही. आज राणी असलेली उद्या गाव पडलं की दासी. गुलामी तिथं भाल्याच्या टोकानं येते. आपल्याकडं ती जन्मासोबत येते आणि वर धर्म म्हणून येते. आपल्या थर्सायटीसला काठी मारायला सुद्धा लांबूनच मारली असती.

मग होमरचं करायचं काय? फेकायचा? अजिबात नाही. हत्यारं आपल्या जातभाईंनी घडवलीत, म्हणजे हात राबवणाऱ्यांनी. ती परत घ्यायची.

राग हा पहिला शब्द ठेवायचा. त्याची लाज बाळगायची नाही. मधूनच सुरुवात करायची, कारण आपली गोष्टही कुणी पहिल्यापासून लिहून ठेवलेली नाही. विशेषणं उलटी फिरवायची : गटारात उतरणाऱ्याला, गोणी उचलणाऱ्याला, दुसऱ्याच्या घरची भांडी घासणारीला पंधरा वेळा तेच ठसठशीत विशेषण द्यायचं, लोकांच्या तोंडात बसेपर्यंत. आणि मालकाला नुसत्या 'जसा-तसा'त बसवायचं, पाच ओळीत येऊन जाऊ दे. यादी करायची तर वल्हेकऱ्यांची करायची. नावं, बापाचं नाव, आईचं नाव, गाव. दहा जिभा लागतात म्हणे. आपण दहा लाख आहोत.

आणि हे काही नव्यानं सुरू करायचं नाही. इथाकाच्या त्या बारावीनं जातं थांबवलं तेव्हा तिला बोलता आलं. आपल्या आज्या जातं न थांबवता बोलल्या. त्यांच्या ओवीत 'मी' म्हणणारी बाई स्वतःच कवी, तिची ओळ कुणाला शकुन म्हणून विकत मिळत नव्हती. पॅरी जसा तबकड्या घेऊन फिरला, तसे आपल्याकडं हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी गावोगाव माणसं जोडून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्या आहेत. ठरलेली सुरुवात, ठरलेली हाक, मोकळा शेवट, सगळी पेटी तिथं आहे. तंत्र नाही म्हणणाऱ्यांना ती उघडून दाखवा.

अठरा ओळी बोलून थर्सायटीस खाली बसला, पाठीवर वळ घेऊन. त्याच्या मुद्द्याला उत्तर अजून आलेलं नाही. एकोणिसावी ओळ लिहायची आहे, आणि या वेळी शेजारच्यानं हसायचं नाही.

जय भीम.